दुपारी बाराचा डबा

मला कुठल्याही गोष्टीचं मूळ शोधायची खोड आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे बाहेरचे लोक या खोडीला अभ्यास म्हणतात. घरात तिला खोडच म्हणतात. चहा चीनमधून आला, मिरची पोर्तुगिजांनी आणली, बटाटा आपला नव्हेच, हे मी जेवताना सांगतो आणि बायको शांतपणे बटाट्याची भाजी वाढत राहते.

आम्ही वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावात राहतो. आई तरुणपणी नगरकडून इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून आली. वडील रेल्वेत होते. दोघांनी इथेच घर बांधलं आणि वडील इथेच गेले. गल्लीत आमचं एकच ख्रिस्ती घर. रविवारी सकाळी आम्ही गाडीने वर्ध्याला उपासनेला जातो. मंडळी लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, कोण कुठल्या बाकावर बसणार हे ठरलेलं आहे.

त्या वर्षी आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले होते. तरुण, उत्साही, आणि मोबाइलवर खूप काही ऐकणारे. दसऱ्यानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "सर, नाताळ जवळ येतोय. आपण जे पाळतो त्यातलं शास्त्रातलं किती आणि परक्यांचं किती, यावर मंडळीला दोन शब्द सांगा." मला दोन शब्द सांगता येत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी तीन रविवार बोललो.

पहिल्या रविवारी मी तारीख काढून टाकली. पंचवीस डिसेंबर शास्त्रात कुठेच नाही, येशूच्या जन्माच्या रात्री मेंढपाळ रानात होते म्हणजे कडाक्याची थंडी नसणार, आणि ती तारीख रोमच्या लोकांनी सूर्याच्या उत्सवासाठी धरलेली होती, वगैरे. दुसऱ्या रविवारी झाड गेलं. ते उत्तरेकडच्या रानटी लोकांचं. मग केक गेला. मग बाळ येशूला भेटायला आलेले तिघे ज्ञानी लोक गेले, कारण ते तीनच होते असं कुठे लिहिलेलं नाही. तिसऱ्या रविवारी मी वाढदिवसांकडे वळलो. पवित्र शास्त्रात ठळकपणे दोनच वाढदिवस येतात, दोन्ही दुष्ट राजांचे, आणि दोन्ही दिवशी कोणाचा ना कोणाचा जीव गेला आहे. त्याच आठवड्यात माझ्या बायकोचा वाढदिवस होता. तिने मुलीबरोबर केक कापला आणि मला विचारलंसुद्धा नाही.

यातल्या निम्म्या गोष्टींवर पंडितांचंच एकमत नाही, हे मी पुढे वाचलं. तेव्हा मात्र मी असं ठासून सांगत होतो की जणू त्या रोमच्या उत्सवाला मी स्वतः हजर होतो. माझा आवाज उपदेशाला बरा आहे असंही मला पहिल्यांदाच कळलं, आणि ते फार वाईट झालं.

मंडळीतले एक म्हातारे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, तिसऱ्या रविवारी हात वर करून उभे राहिले. "सर, रविवार हा वार कोणाचा?"

"सूर्याचा," मी म्हटलं.

"मग आपण मंगळवारी येत जाऊ का? पण मंगळवारही कोणाचा तरी असेलच."

लोक हसले. मी म्हटलं, तो वेगळा मुद्दा आहे. अडचणीच्या प्रश्नाला हे उत्तर माझ्याकडे कायम तयार असतं.

हेच उत्तर मी त्याआधी आईलाही दिलं होतं. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिचं वर्ध्याला येणं थांबलं आहे. मी भाषणाची तालीम तिच्यासमोर करायचो. ती लसूण सोलत ऐकायची. तिच्या गळ्यात काळी पोत आहे आणि पोतीला लहानसा सोन्याचा क्रूस. वडील गेल्यावरही तिने ती काढली नाही. माझं झाल्यावर तिने पोत दोन बोटांत धरली आणि विचारलं, "ही कुठून आली?"

"ही हिंदूंकडून."

"मग काढू?"

"तो वेगळा मुद्दा आहे," मी म्हटलं. आईने पुढची पाकळी सोलायला घेतली.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. आमच्या आणि त्यांच्या घरात एक कमरेएवढी भिंत आहे. काकूंचं घर शेतकऱ्याचं, अस्सल इथलं. त्यांचा थोरला मुलगा आईच्या हातावर जन्मला. तो आडवा होता, आईने रात्रभर खटपट करून तो आणि काकू दोघांना वाचवलं, असं काकू सांगतात. आई म्हणते, मी माझी ड्युटी केली. तेव्हापासून काकू आईला सिस्टरबाई म्हणतात आणि आई त्यांना वहिनी म्हणते. मी त्यांच्यासाठी बाबू. तान्ह्या पोळ्याला त्यांचा मुलगा लाकडी बैल घेऊन निघायचा तेव्हा काकू माझ्याही हातात एक लहान बैल द्यायच्या. त्यावर मी तीन रविवारांत काहीच बोललो नाही. मला तो बैल फार आवडायचा.

आईला तीन पायऱ्या उतरवत नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी काकूच यायच्या, ओसरीवर बसायच्या, दिवे लागेपर्यंत दोघी बोलायच्या. काय बोलायच्या ते मी कधी लक्ष देऊन ऐकलं नाही. आईकडे येणारं दुसरं माणूस आता उरलेलं नाही. तिच्या वयाच्या नर्सा गेल्या, नात्यातले नगरकडे राहिले.

आणि दोन सणांना दोन ताटं या भिंतीवरून जायची. नाताळाच्या आदल्या दिवशी आमची थाळी त्यांच्याकडे जायची, करंज्या, शंकरपाळे, चिवडा आणि वर केकचे दोन तुकडे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यांचा डबा आमच्याकडे यायचा. स्टीलचा, कडीचा, वर अनारसे आणि खाली चिवडा. तो डबा दर वर्षी दुपारी बाराला यायचा. पस्तीस वर्षांत त्याची वेळ चुकली नाही. मी रोमच्या तारखा पाठ केल्या, पण या वेळेकडे माझं कधी लक्ष गेलं नाही.

त्या दिवाळीलाही डबा बाराला आला. काकू स्वतः तीन पायऱ्या चढून आल्या, एक हात भिंतीला, एका हातात डबा. आई आत आडवी झाली होती. बायको मागे कपडे वाळत घालत होती. दारात मी होतो, आणि माझ्या डोक्यात तिसरा रविवार अजून ताजा होता.

मी म्हटलं, "काकू, राग मानू नका. पण मी आता या सगळ्याचा अभ्यास केलाय. देवाला दाखवलेला नैवेद्य आम्हाला चालत नाही. शास्त्रातच लिहिलंय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या काही विचारतील, मग मला सविस्तर समजावता येईल. मी त्याची तयारीच करून होतो.

"बरं सर," त्या म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा त्या मला सर म्हणाल्या. मग भिंतीला धरून तीन पायऱ्या उतरल्या आणि डबा घेऊन परत गेल्या. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण सत्यासाठी थोडं वाईट वाटून घ्यावं लागतं, अशी मी स्वतःची समजूत काढली आणि जेवायला बसलो.

संध्याकाळी भिंतीपलीकडे काकूंच्या घरी पूजेची घंटा वाजली. आईने विचारलं, "वहिनींचा डबा कुठाय?"

मी सांगितलं. शास्त्राच्या आधारासकट सांगितलं. आई पलंगावर उठून बसली.

"किती वाजता आली होती ती?"

"बाराला. नेहमीसारखी."

"आणि त्यांची पूजा आत्ता चाललीय."

"हो."

"त्यांच्याकडे पहिला नैवेद्य कधी दाखवतात?"

 घंटा अजून वाजत होती.

"इतिहासाचे मास्तर ना तुम्ही?" आई म्हणाली. ती मला तुम्ही म्हणते तेव्हा घरात सगळे आपापल्या कामाला लागतात. "आधी काय झालं आणि नंतर काय झालं, एवढं तरी येतं का तुम्हाला?"

मग तिने सांगितलं. ती इथे आली त्या पहिल्या दिवाळीला काकू ताट घेऊन आल्या होत्या, पूजेनंतर, सगळीकडे नेतात तसंच. आई नवी, परकी, आणि तेव्हाचे पाळकसाहेब फार कडक. आई काकूंना म्हणाली, वहिनी, आम्हाला नैवेद्याचं चालत नाही. त्या ताट घेऊन परत गेल्या आणि आई दार लावून रडली. पुढच्या वर्षी काकू दुपारी बाराला आल्या. हातात डबा. म्हणाल्या, बाई, अजून देवाले दाखवलं नाई, आता तं खासाल?

"त्यांच्या घरात देवाला दाखवल्याशिवाय कणभर चाखत नाहीत," आई म्हणाली. "तेव्हा तिची सासू होती. देवाच्या आधी माणसाचा डबा भरला म्हणून सासूने तीन दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. तरी तिने दर वर्षी भरला. आपलं शास्त्र मोडू नये म्हणून स्वतःचं मोडलं तिने."

मी पलंगाच्या कडेला बसलो.

"मीही तुझ्यासारखीच मूर्ख होते," आई म्हणाली. "पण मी निदान रडले तरी."

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला जाणार होतो. मग वाटलं, पाडवा आहे, पाहुणे असतील. मग भाऊबीज. मग शाळा सुरू झाली. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, आणि लाजेला मी सवड नाही असं नाव दिलं होतं. काकू ओसरीवर आल्या नाहीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिना गेला. आई रोज संध्याकाळी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगायची आणि दिवे लागले की आत न्यायला सांगायची. एवढंच बोलायची. भिंतीपलीकडे काकूंचा आवाज यायचा, नातवाला हाक मारलेली, गाईवर ओरडलेलं. आई ऐकत बसायची. तिने हाक मारली नाही. मी एकदा म्हटलं, मी बोलावून आणतो. आई म्हणाली, "कोणत्या तोंडाने?"

माझ्या तीन रविवारांनी रोमच्या सूर्यदेवाचं काही बिघडलं नव्हतं. मंडळीनेही चर्चवर दिव्यांच्या माळा आधीच लावल्या होत्या आणि त्या काढायला कोणी वर चढेना, म्हणून यंदा राहू द्या असं ठरलं. माझ्या संशोधनाचा परिणाम झाला तो फक्त एका म्हातारीच्या संध्याकाळांवर.

आमच्या घरी मात्र मी तारा लावला नव्हता. वडिलांनी बांबूच्या कामट्यांचा केलेला सांगाडा आहे, दर वर्षी त्याला नवा पतंगी कागद चढवतो आणि आत दिवा सोडतो. यंदा तो माळ्यावरच होता. शब्द पाळायला नको का? आठवडाभर बायको तो वर असल्याची मला आठवण करून देत होती आणि मी ऐकलं नाही असं दाखवत होतो.

चोवीस तारखेला सकाळी बायकोने थाळी भरली, वर विणलेला रुमाल टाकला आणि ती उचलायला गेली तेवढ्यात आई म्हणाली, "ती नाही जाणार. तो जाईल."

काकू अंगणात उन्हात बसून आवळ्याचे तुकडे पसरत होत्या. मला पाहून उठल्या, पदर सावरला. "या सर. बसा."

पुढच्या खोलीत कापूस छतापर्यंत भरलेला होता, त्याच्या कडेने आम्ही आत गेलो. मी थाळी हातात धरूनच म्हटलं, "काकू, त्या दिवशी मी फार चुकलो."

"नाई जी. तुमचं धर्माचं हाये. मी काऊन रागावू?"

"आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती झोपली होती. संध्याकाळी कळलं तेव्हा माझ्यावर अशी चिडली की अजून धड बोलत नाही."

काकू थांबल्या. "बाईले मालूम नव्हतं?"

"नाही."

"बाईनं नाई सांगतलं, डबा घेऊ नोको म्हणून?"

"नाही काकू. माझाच शहाणपणा."

त्या खाली बसल्या. डोळ्याला पदर लावला. मग चिडूनच बोलल्या, "दीड महिना झाला बाबू! मले वाटलं, बाईलेच आता माह्या घरचं नको झालं. म्हणलं, इतके साल झाले, बदलते माणसाचं मन. अन तारा बी नाई लागला तुमचा. म्हणलं, आता आपल्याले दिसू बी नये असं झालं वाटते. रोज तिकडं पाहून राह्यली मी, अन तू मांगच्या मांग शाळेत जाऊन राह्यला!"

मला शिव्या बसत होत्या आणि मी पुन्हा बाबू झालो होतो. मी मान खाली घालून उभा राहिलो.

बोलून झाल्यावर त्यांनी थाळी घेतली आणि सरळ देवघरात नेली. देवांसमोर ठेवली. रुमाल बाजूला केला, पाणी फिरवलं, हात जोडले. केकच्या दोन तुकड्यांसकट आमचा सगळा नाताळ देवांसमोर मांडलेला होता.

"काकू, हे तुम्ही दर वर्षी करता?"

"मंग? तुमच्या देवाच्या जन्माचं हाये. आमच्या देवाइले दाखवल्याबिगर मी एकटी कशी खाऊ?"

पस्तीस वर्षं आमचा सण या देवघरातून फिरून येत होता. दसऱ्यानंतरच्या त्या तीन रविवारी हे मला कोणी सांगितलं असतं तर मी चौथा रविवार मागून घेतला असता. आता मी नुसता उभा होतो आणि उदबत्तीचा वास घेत होतो.

काकू थाळी रिकामी परत देत नाहीत. त्या फळीकडे गेल्या आणि वरून एक डबा काढला. स्टीलचा, कडीचा.

मी तो ओळखला. "हा दिवाळीचाच?"

"तोच."

"काकू, हा अजून तसाच? घरात खाऊन टाकायचा ना!"

"कसा खाऊन टाकू?" त्या माझ्यावर पुन्हा तापल्या. "तुमच्या नावानं काढला, तो देवाले कसा दाखवू? अन देवाले नाई दाखवला, तं आमच्या घरात कोणाच्या तोंडात कसा घालू? नातू रोज मागे. त्याले म्हणलं, हात नोको लावू, तो बाईचा हाये. सांगजो बाईले, अनारसे तेवढे बरे असतील. चिवडा गेला असन."

त्या डब्यातलं काही देवाचं नव्हतं, त्यांच्या घरातल्या माणसांचं नव्हतं. ते फक्त आमचं होतं. आणि मी ते दारातून परत पाठवलं होतं. कापसाच्या कडेने बाहेर येताना मला रडू आलं. बायको भिंतीशी उभी होती म्हणून मी शिंकल्यासारखं केलं.

आईने डबा मांडीवर घेतला आणि कडी काढली. चिवडा सादळला होता, शेवेला वास येत होता. अनारसे कडक झाले होते. मी काकूंचं सगळं बोलणं तिला सांगितलं, एक शब्द न गाळता, मला बसलेल्या शिव्यांसकट. आईने डोळे मिटले आणि जेवणाआधी करतो तशी प्रार्थना केली. एरवी तिची प्रार्थना दोन वाक्यांची असते. ही बरीच लांबली. काकूंचं नाव त्यात दोनदा आलं, माझं एकदाही नाही.

डोळे उघडून तिने मला सांगितलं, "तारा काढ."

मी माळ्यावर चढलो. बायकोने खालून सांगाडा हातात घेतला आणि म्हणाली, "आधी बघा बरं, बांबू कोणत्या देशातला ते." मी लाल कागद चढवला, खळ सुकेपर्यंत दम धरला, आणि ऊन उतरायच्या आत तारा भिंतीच्या बाजूला टांगला, समोरून दिसेल असा.

दिवे लागायच्या सुमाराला काकू आल्या. मी धावत जाऊन हात दिला. त्यांनी तो घेतला, पायऱ्या चढल्या आणि सोडला. आईची खुर्ची जागेवर होती. दोघी शेजारी शेजारी बसल्या. रडल्या नाहीत. काकूंनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

"वहिनी, अनारसे दगडासारखे झाले होते," आई म्हणाली.

"मंग होतीनच ना. दीड महिना झाला त्याइले."

"खवटही लागत होते."

"टाकून द्याचे मंग."

"खाल्ले मी," आई म्हणाली. "चहात बुडवून बुडवून सगळे खाल्ले."

काकूंनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "अन बाबूले?"

"त्याला एकही दिला नाही," आई म्हणाली.

काकूंनी मान डोलावली आणि दोघी भाव काय लागला, कापूस कधी विकणार यावर बोलू लागल्या. मी आत चहा टाकायला गेलो. डबा ओट्यावर धुऊन पालथा घातलेला होता.